दांडी गुल

गंगापूर म्हटलं की नाशिककराच्या डोळ्यांपुढे धरण येतं आणि दत्तभक्ताच्या डोळ्यांपुढे गाणगापूर. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं, वाळूज ओलांडल्यावर लागणारं, एकीकडे लासूर स्टेशन आणि दुसरीकडे कायगाव टोका असलेलं गंगापूर ज्याला पहिल्यांदा आठवतं, तो बहुधा तिथलाच रहिवासी असतो. त्यात भर म्हणजे पाऊस कमी झाला की वरच्या गंगापूर धरणातलं पाणी खाली जायकवाडीला सोडायचं की नाही यावरून भांडण पेटतं, आणि जायकवाडीच्या फुगवट्याला लागून असलेलं हे गंगापूर आपल्याच नावाच्या धरणाकडे पाणी मागत बसतं. नावाच्या बाबतीत असाच घोळ वाट्याला आलेलं एक फूल आहे, लिसियंथस. शास्त्रज्ञ त्याला युस्टोमा म्हणतात. टेक्सासचे लोक ब्लूबेल म्हणतात आणि त्या नावानं 1930पासून आइसक्रीमही विकतात. साधारण त्याच दशकापासून निवड आणि संकर करकरून ज्या जपान्यांनी त्याला आजचं रूप दिलं, ते त्याला ‘तुर्की घंटाफूल’ अशा अर्थाच्या नावानं ओळखतात. फूल तुर्कस्तानचं नाही आणि घंटाफुलांच्या कुळातलंही नाही. आपल्याकडे त्याला अजून नावच नाही. जो पाहतो तो ‘गुलाब का?’ एवढंच विचारतो. असं हे फूल बियांपासून वाढवून दांडीसकट विकायचं गंगापूरच्या एखाद्या शेतकऱ्यानं ठरवलं, तर पारावर पहिला सल्ला ठरलेला आहे: ‘आपल्या उन्हात नाही टिकायचं ते.’ या सल्ल्यात अनुभव आहे, पण निदान चुकलेलं आहे असं माझं म्हणणं आहे. या खटल्यात ऊन हा फार तर दोन नंबरचा आरोपी. पहिला आरोपी तराजू आहे, आणि त्याच्यावर आजवर कोणी संशयसुद्धा घेतलेला नाही.

बियांपासून सुरुवात करू, कारण पहिला धक्का तिथेच बसतो. लिसियंथसच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 19 ते 20 हजार बिया मावतात. खसखशीचा दाणा शेजारी ठेवला तर तो थोराड दिसेल. पावणेपाचशे ग्रॅमचं कपाशीचं पाकीट ज्याच्या हाताला सवयीचं आहे, त्याला दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊससाठी दोन-सव्वादोन ग्रॅम बी पुरे म्हटलं तर दुकानदार चेष्टा करतोय असंच वाटणार. हिशेब मात्र सरळ आहे: वाटा सोडून उरलेल्या सहाएकशे चौरस मीटर वाफ्यांवर मीटरला साठ रोपं धरली तरी छत्तीस हजार होतात. तोळाभर बी घेतलं तर दोन लाख रोपं. ग्रॅमवर घ्यायची वस्तू आपल्याकडे एरवी एकच असते आणि ती सराफाकडे मिळते, पण सराफाच्या मालाला निदान शिंकेची भीती नसते. इथे एक शिंक आली की दोन गुंठे उडाले. म्हणून कंपन्या प्रत्येक बीला मातीचा लेप देऊन तिची बारीक गोळी करतात आणि बी नगावर विकतात, हजाराच्या पटीत. हा तपशील लक्षात ठेवावा. हे फूल बी असल्यापासून मोजलं जातं, त्याला तराजू माहीतच नाही.

पुढचा धक्का पेरणीचा. पेरणं म्हणजे मातीआड करणं, हे आपल्याकडे इतकं गृहीत आहे की त्यावर म्हणी उभ्या आहेत. या बीला उजेड लागतो. प्रोट्रेमधल्या ओल्या कोकोपीटवर ते नुसतं ठेवायचं, वर काही टाकायचं नाही, पाणी घालायचं ते धुक्यासारखं. दहा ते चौदा दिवसांत ते उगवतं आणि मग जे करतं त्याला वाढ म्हणायचं की वेळकाढूपणा, हे भिंगाशिवाय ठरवता येत नाही. लावणीला येईल असं, पानांच्या दोन जोड्यांचं रोप हातात यायला आठ ते बारा आठवडे लागतात. तेवढ्यात कोथिंबीर दोनदा निघून विकली जाते. भाव मिळाला तर तिचे पैसेही येतात. इथे शहरी शहाणपण आडवं येतं की आपल्या शेतकऱ्याला एवढा धीर कुठला? हा आक्षेप घेणाऱ्यानं गंगथडीच्या कोणत्याही गावात उळे टाकायच्या दिवसांत एक चक्कर मारावी. कांद्याचं रोप दीड-पावणेदोन महिने वाफ्यावर लेकरासारखं जपलं जातं, आणि एवढं करून कांदा लासूरच्या बाजारात जातो तेव्हा त्याला काय भाव मिळेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आल्याचं बेणं तर जमिनीत गेलं की नऊ महिने खाली काय चाललंय हे दिसतसुद्धा नाही; कंदकूज लागली तर तेही उशिरा कळतं. ज्या माणसानं कांदा, आलं आणि बोंडअळी या तिघांबरोबर संसार केला आहे, त्याला लिसियंथसचा संथपणा शिकवायला नको.

आता उन्हाकडे वळू. या रोपाला लहानपणी, म्हणजे उगवल्यापासून पहिल्या दोन-तीन जोड्या पानांपर्यंत, सतत पंचवीस-अठ्ठावीस अंशांच्या वर तापमान मिळालं की ते चक्क खाली बसतं. पानं जमिनीसरशी गोल पसरतात, मधून दांडी येतच नाही. बागायतदार याला ‘रोझेट’ म्हणतात. मराठवाड्यात याला ठिय्या आंदोलन हा तयार शब्द आहे आणि तो जास्त अचूक आहे. कारण ठिय्यासारखंच यातही रोप मरत नाही, आजारी पडत नाही, खतपाणी घेतं, फक्त उठत नाही. जास्त खत घातलं तर बसल्या जागी अधिक हिरवंगार होतं. शेतकऱ्याला वाटतं झाड नाठाळ आहे. खरं तर झाड पंचांग पाळतंय. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात, नेब्रास्कापासून टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोपर्यंत, हे रानात वाढतं. तिथलं बी उन्हाळ्याअखेर पडतं, रोप जमिनीला चिकटून कडाक्याची थंडी काढतं आणि वसंतात दांडी वर काढून भर उन्हाळ्यात फुलतं. तेव्हा लहानपणी ऊन लागलं की रोपाचा सरळ तर्क असा: अजून उन्हाळा आहे, म्हणजे हिवाळा यायचा आहे, म्हणजे उठायची घाई नाही. गंगापुरात ते ज्या हिवाळ्याची वाट बघतं तो यायला सात महिने असतात, एवढाच काय तो गैरसमज.

यातून निघणारा निष्कर्ष पारावरच्या सल्ल्याच्या बरोबर उलट आहे. टेक्सासच्या उन्हाळ्यात फुलणारं झाड उन्हाला भीत नाही, त्याचं बालपण थंड जावं एवढीच त्याची अट आहे. गंगापुरात नोव्हेंबर ते जानेवारी रात्री चांगल्या गार असतात. डिसेंबरात पहाटे शेकोटीशिवाय कोणी बोलत नाही. दिवाळीनंतर बी टाकलं, दुपारी शेडनेटखाली हवा खेळती ठेवली, तर बालपण निभावतं. फुलं अगदी एप्रिल-मेच्या चाळिशीत आली तर दांडी आखूड राहील आणि रंग उडेल, हे कबूल. ते टाळायचं तर रोपं आधीच उंचावर, समजा म्हैसमाळच्या बाजूला, थंडाव्यात तयार करून ऑक्टोबरअखेर खाली आणावी लागतील. जपानी शेतकरी तर भिजवलेलं बी दहा अंशांवर महिनाभर ठेवून त्याला खोटा हिवाळा दाखवतात. ज्या तालुक्यात शेततळ्याला प्लास्टिक अंथरून पाण्याला जमिनीत मुरू न देण्याची युक्ती रुळली, तिथे बीला थंडीची हूल देणं ही काही अजब विद्या नाही. बाकीच्या अडचणी किरकोळ आहेत. काळी जमीन विम्लतेकडे झुकते, मुळांशी पाणी साचलं तर मर लागते, तर वाफे उंच करावे आणि ठिबक हात आखडून चालवावं. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, पण सरकी पाकिटातून येऊ लागल्यापासून ही गोष्ट सांगून कोणाला धक्का बसत नाही. आणि सूक्ष्म काम जमेल का, असं कोणी विचारलं तर वाळूजच्या कारखान्यांत मायक्रॉनमध्ये माप घेणारे हात संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर याच तालुक्यातल्या गावांत परततात.

म्हणजे फूल गंगापुरात येऊ शकतं. अडतं ते फूल आल्यानंतर. आपल्याकडे दांडी या शब्दाला तीन धंदे आहेत. फुलाची दांडी, तराजूची दांडी, आणि शाळा-कचेरीत मारतात ती. मराठी फूलबाजारात पहिलीनं कायमची तिसरी मारलेली आहे आणि सगळा कारभार दुसरी बघते. झेंडू किलोवर, शेवंती किलोवर, सुटा ॲस्टर किलोवर. गुलछडीला दोन्ही वाटा खुल्या आहेत, सिंगलची सुटी फुलं किलोवर जातात आणि डबलची दांडी गड्डीनं; यांतली कोणती अधिक घरांत पोचते हे सांगायला नको. फूल म्हणजे हार, वेणी, तोरण, पायरीवरची ओंजळ. देवाला वाहताना देठ देवाकडे असावा की आपल्याकडे, यावर वाद घालणारे सापडतील, पण तो देठ बोटाच्या पेराहून लांब असावा असं म्हणणारा एकही पंथ महाराष्ट्रात निघालेला नाही. आपण फुलाचं डोकं विकत घेतो. लिसियंथसचा शेतकरी मात्र सहा महिने जे पिकवतो ती मुख्यतः दांडी असते: दोन-अडीच फूट, सरळ, न वाकलेली, जाळीतून ओळीनं वर आलेली. फूल तिच्या टोकाला असतं, पण भाव दांडीच्या लांबीवर ठरतो. या मालाचं देठ खुडून तो काट्यावर ओतणं म्हणजे पैठणी वजनावर विकण्यासारखं आहे.

इथे संस्कृतिरक्षक उभे राहतील, आणि त्यांना बसवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. परदेशी फूल, वास नाही, देवाला चालत नाही, मग आपलं कसं होणार? यातला परदेशीपणाचा मुद्दा झेंडूपाशीच कोसळतो. दसऱ्याला ट्रॅक्टरपासून तिजोरीपर्यंत ज्याच्या माळा घालतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. गुलछडी मेक्सिकोची. देवळाच्या आवारातला पांढरा चाफाही त्याच मुलखाकडून आलेला. लिसियंथसचं रान उत्तर मेक्सिकोपर्यंत पसरलेलं आहे, म्हणजे नात्यानं तो झेंडूचा गाववाला. फक्त तीन-चारशे वर्षं उशिरा पोचला, एवढाच गुन्हा. वासाचं म्हणाल तर जास्वंदीला कुठे वास असतो? तरी गणपतीला तीच लागते. आणि गणपतीचा विषय निघालाच आहे तर युस्टोमा या ग्रीक नावाचा अर्थ पाहावा. ‘यु’ म्हणजे चांगलं, ‘स्टोमा’ म्हणजे मुख. गणपतीच्या बारा नावांच्या एका प्रचलित यादीत पहिलं नाव सुमुख. इतकं सोवळं नाव घेऊन आलेल्या फुलाला परकं म्हणणं धाडसाचं आहे. कुळ बघायचं तर तेही घरचंच निघतं: ताप आल्यावर आजीनं नाक दाबून पाजलेलं काडेचिराईत याच कुळातलं. तेव्हा झेंडू आत आला आणि हे फूल दारात उभं राहिलं याचं कारण जन्मगाव असू शकत नाही. झेंडूनं मान उतरवून द्यायला कधी हरकत घेतली नाही, म्हणून तो आपला झाला. शिक्षाही त्याला तशीच मिळते. दसरा आटोपला की संध्याकाळी उरलेला झेंडू तराजूत न जाता रस्त्याच्या कडेला ढिगानं ओतलेला दिसतो.

‘पण जरबेरा खपतोच की दांडीवर!’ हा या सगळ्यातला सर्वांत वजनदार आक्षेप. (वजनदार हा शब्द इथे नाइलाजानं वापरतो आहे.) जरबेरा खपतो, खरं आहे, पण त्याचं गणित वेगळं. एकदा लावलेलं जरबेऱ्याचं झाड दोन-तीन वर्षं फुलं देत राहतं, त्यामुळे एकेक फूल पडत्या भावात गेलं तरी झाड तग धरतं, मालकही. लिसियंथस बीपासून धरून पाच-सहा महिने घेतो आणि मोबदल्यात झाडामागे जेमतेम एक धड दांडी देतो. दुसरा बहर येतो, पण तो मन राखण्यापुरता. म्हणजे त्या एका दांडीला चांगला भाव मिळायलाच हवा. जगात तो मिळतो, कारण हे फूल पाण्यात दोन आठवडे टिकतं. उरलेल्या कळ्या फुलत जातात आणि गुच्छ रोज नवा दिसतो. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या चौदा दिवसांचे. आता आपल्याकडे दांडीचं फूल कशाला लागतं ते बघू. ते लागतं सत्काराला. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ या त्रिकुटातला तिसरा गडी म्हणून ते मंचावर येतं. पाहुणे गुच्छ घेतात, कॅमेऱ्याकडे बघतात, फोटोवाला ‘साहेब, एक अजून’ म्हणतो तोवर धरून ठेवतात आणि मग मान न वळवता मागच्या माणसाकडे देतात. मागचा माणूस तो खुर्चीखाली ठेवतो, कारण त्याच्या हातात आधीच सहा गुच्छ असतात. साहेबांच्या हातातली गुच्छाची कारकीर्द मिनिटाभराची. पुढची आभारप्रदर्शनापर्यंतची मुदत तो पायांशी काढतो. प्लास्टिकचा कागद सुटत नाही, दांडीला पाण्याचा थेंब लागत नाही. चौदा दिवस टिकणारं हे फूल आजच्या रूपात आणायला जपानी संशोधकांच्या दोन-तीन पिढ्या खपल्या, आणि आपल्या समारंभाला टिकाऊपणा हवा आहे तो फोटो निघेपर्यंतचा. एवढ्यासाठी जरबेरा पुरतो, कागदाचं फूलही पुरलं असतं. जो गुण वापरायचाच नाही त्याचे पैसे गिऱ्हाइकानं का द्यावे? सत्कार समितीचा खजिनदार या प्रश्नावर अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकापेक्षा पक्का आहे.

मुंबई-पुण्याचं काय, असं यावर विचारलं जाईल. तिथली बडी हॉटेलं, तिथली लाखोंची लग्नं, फुलांचे पडदे लावणारे सजावटकार, यांना दांडी कळते. माल रात्री समृद्धी महामार्गानं निघाला तर पहाटेच्या बाजाराला दादरला पोचेल. हे मान्य, आणि पहिल्या दोन-तीन शेतकऱ्यांनी याच वाटेनं जावं. तैवानचे शेतकरी हेच फूल जपानला विकून पैसा कमावतातच. पण तैवानच्या पाठीशी फुलदाणीत पाणी घालणारा अख्खा देश उभा आहे. गंगापूरच्या पाठीशी लग्नसराई आहे, जी पंचांगानं चालते. मुहूर्त असतील तेव्हा सगळ्यांना एकाच दिवशी फुलं हवीत, आणि अधिक महिना आला की कोणालाच नकोत. लिसियंथस उमलायचा दिवस सहा महिने आधी, बी टाकताना ठरतो आणि नंतर कोणाच्या सांगण्यावरून हलत नाही. शिवाय त्या बाजारात मावळातले लोक आधीच बसलेले आहेत, हवा त्यांच्या बाजूची, मुंबई हाकेच्या अंतरावर, आणि फेब्रुवारीत गुलाब परदेशी पाठवायचा सराव वेगळा. त्यांच्याशी स्पर्धा होऊ शकते, जशी द्राक्षात आणि डाळिंबात झाली. पण द्राक्षाला गावातही खाणारा होता. निर्यातीतून परतलेली पेटी निदान घरी फोडता आली. दादरला भाव पडल्यावर परत आलेल्या लिसियंथसच्या चाळीस गड्ड्यांचं गंगापुरात काय करायचं, याचं उत्तर सापडल्याशिवाय पीक तालुक्याचं होत नाही. बैलाला घालायची सोय नाही. काडेचिराईताच्या नातेवाइकाला बैलही तोंड लावेलसं वाटत नाही.

म्हणून हे पीक रोपवाटिकेत अडलेलं नाही, ते बैठकीच्या खोलीत अडलेलं आहे. आणि तिथे फुलदाणी नाही असं म्हणण्याची सोय नाही, फुलदाणी घरोघर आहे. लग्नात आलेली, बारशात आलेली, वास्तुशांतीला दोन आलेल्या. ती शोकेसमध्ये असते, काचेआड, ताजमहालाची प्रतिकृती आणि तालुका क्रीडा स्पर्धेच्या कपाच्या मध्ये. तिच्यात फुलंही असतात. गुलाबी, प्लास्टिकची, दिवाळीला साबणाच्या पाण्यातून काढलेली, पाकळीवर कायमचा दवबिंदू चिकटवलेली. ती चौदा वर्षं टिकली आहेत, तेव्हा चौदा दिवसांचं कौतुक तिथे चालायचं नाही. त्या फुलदाणीत कधी पाणी ओतलं गेलेलं नाही. ती गळते की नाही हे घरात कोणालाच माहीत नाही. लिसियंथसच्या बियांना उजेड, गारवा आणि तीन महिन्यांची सवड लागते, ती गंगापूरचा शेतकरी देईल. त्याच्या गिऱ्हाइकाला मात्र आधी ती प्लास्टिकची फुलं बाहेर काढावी लागतील, आणि त्यासाठी शोकेसच्या कुलपाची किल्ली शोधावी लागेल, जी मागच्या दिवाळीत कोणीतरी नीट जपून ठेवली होती.